थांबण्याची ताकद कोणाकडे?

बेकार तरुणाला पूर्वी नोकरी शोधण्याचा सल्ला मिळत असे. गेल्या दहा वर्षांत हा सल्ला बदलला. 'नोकरी मागू नकोस, धंदा काढ' असे त्याला मंत्र्यांपासून बँकेच्या शाखाधिकाऱ्यापर्यंत सर्वजण सांगू लागले. २०१५ मध्ये मुद्रा योजना आली, २०१६ मध्ये स्टार्टअप इंडियाचा गाजावाजा झाला, आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात, आधीचे कर्ज फेडलेल्यांसाठी मुद्रा कर्जाची मर्यादा दहा लाखांवरून वीस लाखांवर नेण्यात आली. कर्ज देण्याची यंत्रणा उभी राहिली. परंतु कोणता धंदा काढण्याजोगा आहे आणि कोणता नाही, हे ठरवण्याचे शास्त्र मात्र त्या तरुणाच्या हाती कोणी दिले नाही. 'बाजारात जे चालते ते करा' एवढाच उपदेश त्याच्या वाट्याला येतो. बाजारात आज काय चालते हे व्यापाऱ्याला आधी कळते, कारखानदाराला नंतर, आणि कर्ज काढून उभ्या राहिलेल्या कारागिराला सर्वांच्या शेवटी. तो पोहोचतो तेव्हा बाजार पुढे निघून गेलेला असतो आणि हप्ता मात्र मागे राहतो.

समाजवादी कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे आजवर काहीसे दुर्लक्ष केले, हे मान्य करावयास हवे. धंदा म्हणजे नफा आणि नफा म्हणजे शोषण, अशा सोप्या समीकरणामुळे 'धंदा कोणता करावा' हा प्रश्नच अनेकांना परका वाटत आला. परंतु ज्याच्या घरात माग आहे, ज्याच्याकडे शिवणयंत्र आहे किंवा दोन एकर जिरायत जमीन आहे, त्याच्यासाठी हा चुलीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चळवळीने दिले नाही तर ते सावकार देतो, आणि सावकाराच्या उत्तरात सावकाराचे हित असते.

येवल्याचे उदाहरण

नाशिक जिल्ह्यातील येवले हे गाव या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. शहर वसवणाऱ्या घराण्याने विणकरांना बोलावून आणून येथे रेशमाचा धंदा रुजवला, असे परंपरा सांगते. पेशवाईतील सनदेच्या बळावर रेशमी कापडाचा मक्ता मोजक्या घराण्यांकडे राहिला, आणि नव्या माणसाला पैसे भरल्यावाचून या धंद्यात पाऊल टाकता येत नसे. १८६४ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो मक्ता संपला. कायद्याने दार उघडले. परंतु कायद्यातला मक्ता गेल्यावर भांडवलाचा मक्ता आला, आणि तो कोणत्याही न्यायालयाच्या निर्णयाने जाणारा नव्हता. रेशीम आणि जर शेठच्या पेढीवरून आणावयाची, विणकराने मजुरीवर विणावयाचे, आणि तयार लुगडे पुन्हा त्याच पेढीवर नेऊन टाकावयाचे, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालली. आज स्वतःच्या भांडवलावर विणणारे आणि स्वतः विकणारे विणकर येवल्यात आहेत. पण मजुरीवर बसणाऱ्याची अडचण आजही तीच आहे.

पैठणीच्या विणकामाचे स्वरूप ध्यानी घेतल्यावाचून ही अडचण समजणार नाही. पदरावरचा मोर किंवा काठावरची नारळी धोट्याच्या एका फेकीत उमटत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, ताण्याच्या मोजक्या तारांतून ती हाताने ओवणे, शेजारच्या रंगाशी तिची गाठ घालून परतवणे, असे एकेक आडव्या ओळीने चित्र भरत जाते. म्हणूनच अस्सल पैठणीचा पदर उलट बाजूनेही सुलट दिसतो. साध्या पैठणीला तीन-चार आठवडे लागतात. भरगच्च पदराच्या पैठणीला कित्येक महिने जातात. या सर्व काळात रेशीम आणि जरीत घातलेला पैसा मागावर अडकून पडलेला असतो.

येथे एक हिशेब मांडून पाहावा. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एका पैठणीला दहा हजारांचे रेशीम व जर लागली, दोन महिने विणकाम चालले आणि ती पस्तीस हजारांना विकली गेली. वरवर पाहता दोन महिन्यांत पंचवीस हजार मिळाले, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. परंतु गिऱ्हाईक मिळण्यास आणखी दोन महिने लागले, आणि दुसऱ्या पैठणीचे रेशीम आणण्यास हाती पैसा नसल्याने माग रिकामा राहिला, तर तेच पंचवीस हजार चार महिन्यांचे झाले. महिन्याला सव्वासहा हजार. विणणारा एक आणि कांड्या भरणारी, ताणा सांधण्यास मदत करणारी दुसरी, असे दोघांचे श्रम धरले, तर माणशी तीन हजार एकशे पंचवीस. कसब तेच, माल तोच, भाव तोच. फरक पडला तो केवळ थांबण्याच्या दोन महिन्यांमुळे. आणि त्या दोन महिन्यांत घरात आजारपण निघाले, तर पस्तीस हजारांचा माल वीस हजारांना पेढीवर जातो. शेठ तो विकत घेऊ शकतो, कारण त्याला लग्नसराईपर्यंत थांबता येते.

सगळ्या धंद्याचे मर्म येथे आहे. ज्याला थांबता येते तो भाव ठरवतो. ज्याला थांबता येत नाही त्याला तो भाव स्वीकारावा लागतो. शेजारच्या लासलगावच्या बाजारात कांदा विकणारा शेतकरी हे सत्य विणकराइतकेच जाणतो. ज्याच्याकडे चाळ आहे आणि घरखर्चाची सोय आहे, तो उन्हाळ कांदा काही महिने ठेवू शकतो. ज्याच्याकडे नाही, तो काढणीच्या ऐन गर्दीत ट्रॅक्टर रिकामा करून परततो. कांदा एकच, परंतु थांबण्याच्या ताकदीप्रमाणे त्याची किंमत बदलते.

म्हणून कोणताही नवा धंदा सुचवला गेला की पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे: या धंद्यामुळे श्रम करणाऱ्याची थांबण्याची ताकद वाढते की कमी होते? बाकीचे प्रश्न या एका प्रश्नाच्या पोटातून निघतात.

पूर्वानुभव काय सांगतो

सरकारने सुचवलेला धंदा चांगला असतोच असे नाही. १९७६ मध्ये केंद्र सरकारने हातमागावर स्वस्त जाडेभरडे कापड विणून घेण्याची जनता कापड योजना सुरू केली. गरिबाला कापड आणि विणकराला काम, असा तिचा दुहेरी हेतू होता आणि तो प्रामाणिक होता. लाखो माग त्यामुळे चालू राहिले. परंतु कापडाला अनुदान होते तोवरच ते कापड विकले जात होते. जे कसब हातमागाचे बळ होते त्याला या कापडात वाव नव्हता, आणि ज्या स्वस्ताईत यंत्रमाग नेहमीच जिंकणार, त्या मैदानात हातमागाला उतरवले गेले होते. नव्वदच्या दशकात योजना गुंडाळली गेली, तेव्हा अनेक विणकरांच्या हातात ना अनुदान राहिले ना जुने कसब. काम मिळते एवढ्यावरून धंदा चांगला ठरत नाही, हा त्याचा धडा.

याच्या उलट उदाहरण केरळच्या विडी कामगारांचे आहे. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरच्या विडी कामगारांची स्थिती ज्यांना माहीत आहे, त्यांना ते विशेष जवळचे वाटेल. विडी कामगारांच्या संरक्षणाचा १९६६ चा कायदा केरळात लागू होऊ लागताच मंगळूरच्या मालकांनी कण्णूर भागातील आपले कारखाने बंद केले आणि सुमारे बारा हजार कामगार रस्त्यावर आले. १९६९ मध्ये त्यांनी सरकारच्या साह्याने 'केरळ दिनेश बिडी' ही सहकारी संस्था काढली. त्यांनी नवी कल्पना शोधली नाही; हातात असलेले कसब घेऊन मालकी तेवढी बदलली. खरी कसोटी पुढे आली. विडीचा खप घटू लागला, तेव्हा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या अशा नव्या मालाकडे मोर्चा वळवला. सर्वच कामगारांना त्यात सामावून घेता आले नाही. तरीही मावळत्या धंद्यातील कामगारांनी उगवता धंदा स्वतः निवडावा, ही गोष्ट थोडी नाही. मालकाच्या कारखान्यात हा निर्णय एका सकाळी फाटकावर लावलेल्या कागदावरून कळला असता.

स्पेनच्या बास्क प्रांतातील मोंद्रागोनचा अनुभव आणखी पुढे जातो. तेथे १९५६ मध्ये पहिला सहकारी कारखाना निघाला, आणि १९५९ मध्ये कामगारांनी स्वतःची बँक काढली. या बँकेचे वैशिष्ट्य असे की नव्या धंद्यांचा अभ्यास करणारा एक स्वतंत्र विभाग तिने उभारला. काही कामगार एकत्र येऊन प्रस्ताव घेऊन आले की, त्यांना लगेच कर्ज मिळत नसे आणि लगेच नकारही मिळत नसे. त्यांच्यापैकी एकाला व्यवस्थापक म्हणून निवडून, बँकेचा एक अनुभवी सल्लागार सोबत देऊन, मालाची, बाजाराची आणि यंत्रांची चौकशी महिनोन् महिने केली जाई. प्रस्ताव टिकला नाही तर दुसरा घेतला जाई. माणसांची जुळलेली गाठ मोडू दिली जात नसे. घिसाडघाईने दिलेले कर्ज हे गरिबावरचे उपकार नव्हेत, हे त्या बँकेने ओळखले होते. याच समूहातील सर्वांत जुना आणि प्रसिद्ध घरगुती यंत्रांचा कारखाना २०१३ मध्ये दिवाळखोरीत निघाला, हेही विसरता कामा नये. कामगारांची मालकी असली म्हणजे बाजार दयामाया दाखवतो असे नाही. परंतु तेथील अनेक कामगारांना समूहातील इतर संस्थांनी सामावून घेतले. धंदा बुडाला तरी माणसे बुडू नयेत, ही व्यवस्था आधीपासून केलेली होती.

येवल्यापुढील पर्याय

या अनुभवांच्या प्रकाशात येवल्यात आणि आसपासच्या गावांत जे पर्याय नेहमी चर्चिले जातात, ते एकेक करून तपासणे उपयोगाचे ठरेल.

पहिला पर्याय कर्ज काढून आणखी माग टाकण्याचा. हा सर्वांत सोपा, म्हणून बँकेला सर्वांत आवडता. माग ही वस्तू दिसते, मोजता येते, तिचे छायाचित्र काढून अहवालात लावता येते. परंतु माल विकण्याची सोय न वाढवता माग वाढवले तर माल वाढतो, गर्दीच्या वेळी अधिक माल पेढीवर येतो आणि भाव आणखी पडतो. त्यातून हप्ता दर महिन्याला येतो, पैठणी मात्र दर महिन्याला विकली जात नाही. या पर्यायाने थांबण्याची ताकद वाढत नाही, घटते.

दुसरा पर्याय यंत्रमागाचा. यंत्रमागावरची नक्षीदार साडी आज 'सेमी पैठणी' या आणि अशा नावांनी सर्वत्र विकली जाते. ज्या मध्यमवर्गीय किंवा कष्टकरी स्त्रीला हजार-दोन हजारांतच लग्नाची साडी घ्यावयाची आहे, तिला हिणवण्याचे कारण नाही. परंतु धंदा म्हणून पाहता येथे स्वस्ताईची शर्यत आहे, आणि त्या शर्यतीत सुरत आणि बंगळूरचे मोठे भांडवल येवल्याच्या पुढे राहणार. शिवाय यंत्रमाग घेतला म्हणजे मालकी आली, असेही नाही. जवळच्या मालेगावात यंत्रमागाचे कितीतरी मालक व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवरच कापड विणून देतात. माग स्वतःचा, वीजबिल स्वतःचे, कर्ज स्वतःचे आणि भाव मात्र दुसऱ्याचा! ज्यांनी यंत्रमाग घेतला आहे त्यांच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते यंत्रावरचा माल हातमागाचा म्हणून विकणाऱ्यांशी. हातमागासाठी साडीसह काही वस्तू राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये झाला, सर्वोच्च न्यायालयाने तो १९९३ मध्ये वैध ठरवला. पण सुरुवातीच्या बावीस वस्तूंची यादी पुढे अकरांवर आली. पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. कायदा आहे, चिन्हे आहेत. दुकानात जाऊन तपासणारा माणूस नाही. येथे नवा धंदा काढण्यापेक्षा जुन्या कायद्याची अंमलबजावणी मागणे अधिक लाभाचे आहे.

तिसरा पर्याय छोट्या वस्तूंचा: पैठणीच्या विणीचे बटवे, ओढण्या, जाकिटे, भिंतीवर लावण्याच्या चौकटी. याकडे काही जाणकार तुच्छतेने पाहतात. तो न्याय नव्हे. छोट्या वस्तूत पैसा महिनोन् महिने अडकत नाही. आठवड्या-पंधरवड्यात तो मोकळा होऊ शकतो. चार नमुने करून पाहावेत, विकले नाहीत तर पाचवा करू नये, एवढ्या थोड्या किमतीत त्याची परीक्षा होते. शिवणाऱ्या स्त्रियांच्या हातात स्वतःचा पैसा येतो. या दृष्टीने हा पर्याय करून पाहण्याजोगा आहे. मात्र दोन धोके आहेत. यंत्रमागाचे कापड फाडून असे बटवे कोणीही शिवू शकतो. म्हणून माल हातमागावर त्याच कामासाठी मुद्दाम विणलेला असावा. आणि छोट्या वस्तूंच्या नादात पदर विणण्याचे कसब मागे पडले, तर जनता कापडाचीच पुनरावृत्ती होईल. बटव्याने पैठणीला थांबण्याची सवड मिळवून द्यावी. पैठणीची जागा घेऊ नये.

चौथा पर्याय थेट विक्रीचा. मोबाईलवरून छायाचित्र पाठवावे, कुरियरने साडी रवाना करावी, मधला दलाल टाळावा. यात तथ्य आहे आणि अनेक तरुणांनी ते करून दाखवले आहे. परंतु दिवसभर मागावर बसणारा माणूस गिऱ्हाइकांच्या शंकांना उत्तरे देऊ शकत नाही, आणि दिवसभर फोनवर असणारा मागावर बसू शकत नाही. परिणामी ज्याला विक्री साधली तो शेजाऱ्यांचा माल घेऊन विकू लागतो, आणि पाच-सात वर्षांत एक नवी पेढी उभी राहते. कालचा विणकर आजचा शेठ होतो. त्याला दोष देऊन भागत नाही, कारण एकट्याने विकण्याच्या धंद्याचा तो स्वाभाविक शेवट आहे. दहा-पंधरा घरांनी मिळून विक्रीसाठी एका जाणत्या माणसाला पगार द्यावा, आणि कोणाची साडी कितीला गेली हे सर्वांना वाचता येईल अशा वहीत लिहावे, यानेच तो शेवट टळू शकतो.

पाचवा पर्याय तुतीची लागवड आणि रेशीम उत्पादनाचा. रेशमाच्या गावाने रेशीम पिकवावे, हे ऐकावयास गोड आहे. परंतु येवले तालुक्याचा मोठा भाग अवर्षणाचा, आणि कोष पिकला म्हणजे सूत तयार झाले असे होत नाही. कोष उकलणे, सुताला पीळ देणे, धुणे, रंगवणे या सर्व पायऱ्या मध्ये आहेत. त्या जवळपास नसतील तर कोष दूरच्या बाजारात जाईल आणि सूत व्यापाऱ्याकडूनच परत येईल. ज्या शेतकऱ्याकडे पाण्याची खात्री आहे त्याने तुती अवश्य लावावी. पण त्यामुळे विणकराचे रेशीम स्वस्त होईल, अशी आशा कोणी दाखवू नये.

शेवटचा पर्याय असा आहे की त्याला कोणी धंदा म्हणणारच नाही. काही घरांनी मिळून एक सामाईक निधी उभारावा. त्यातून रेशीम आणि जर एकत्र खरेदी करावी, आणि तयार साडी निधीकडे ठेवून विणकराला तिच्या किमतीचा काही भाग लगेच द्यावा, उरलेला विक्रीनंतर. वरच्या हिशेबातले दोन महिने विकत घेण्याचा हा मार्ग आहे. याला उद्घाटनाची फीत लागत नाही, म्हणून याकडे पुढाऱ्यांचे लक्ष जात नाही. परंतु बाकीचे सारे पर्याय या एका पर्यायाच्या आधाराने उभे राहू शकतात, आणि त्याच्यावाचून ते सारे अखेर पेढीच्याच दाराशी जाऊन थांबतात.

आपल्याच घरातील दोष

सहकार हा शब्द उच्चारला की येवल्यातील किंवा इचलकरंजीतील अनुभवी माणूस हसतो, आणि त्याच्या हसण्यात अर्थ असतो. हातमाग संस्थांच्या इतिहासात कागदावरचे सभासद, बंद मागांच्या नावावर उचललेले सूत आणि एकाच घराण्यातले संचालक यांची उदाहरणे काही कमी नाहीत. सहकार हे तत्त्व चांगले, म्हणून प्रत्येक सहकारी संस्था चांगली, असे मानणे म्हणजे श्रद्धेला विचाराच्या जागी बसवणे होय. ज्या संस्थेचा हिशेब विणकराला समजेल अशा भाषेत दरमहा वाचून दाखवला जात नाही, तिला समाजवादी कार्यकर्त्याने संस्था म्हणू नये.

दुसरा दोष घरातल्या श्रमाकडे पाहण्याचा. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात पस्तीस लाखांहून अधिक हातमाग कामगार होते आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक होते. सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत होते. असे असताना धंद्याचा हिशेब मांडताना कांड्या भरणारीचे, सूत उकलणारीचे श्रम शून्य धरले जातात, आणि मग तोट्याचा धंदाही नफ्याचा दिसतो. घरातल्या बाईचे तास मोजल्यावर जो धंदा टिकत नाही, तो धंदा तिच्या फुकटच्या श्रमावर चाललेला असतो.

तिसरा दोष भावनेचा. हातमाग ही संस्कृती, पैठणी हा वारसा, म्हणून विणकराच्या मुलाने मागावर बसलेच पाहिजे, असा सूर शहरातल्या रसिकांकडून निघतो, आणि कित्येकदा आपल्या व्यासपीठावरूनही निघतो. येवल्यात तरी हा सूर शोभत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच गावी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि पुढच्याच वर्षी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात त्यांनी जातिव्यवस्थेवर एक आर्थिक आक्षेपही घेतला. उद्योगांचे स्वरूप सतत बदलत असते, त्या बदलाबरोबर माणसाला आपला व्यवसाय बदलण्याची मोकळीक हवी, आणि जात ती मोकळीक हिरावून घेऊन बेकारी निर्माण करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. विणकराच्या मुलाला माग सोडण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि ज्याच्या आजोबांनी कधी माग पाहिला नाही त्याला मागावर बसण्याचाही. एखादा माणूस मागावर स्वेच्छेने बसतो की दुसरे काही नाही म्हणून बसतो, यावरून त्या धंद्याची खरी किंमत कळते.

कार्यकर्त्यांनी काय करावे

शासनाकडे मागण्या आहेतच: राखीव वस्तूंच्या कायद्याची तपासणी, सूत आणि जर वाजवी भावात, विणलेल्या मालाच्या तारणावर अल्प व्याजाचे कर्ज. २०२० मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त झाले. विणकरांचे म्हणणे सरकारच्या कानी घालण्याचे एक ठिकाण त्यामुळे कमी झाले. ते म्हणणे मांडण्याचे काम आता संघटनांनाच करावे लागेल. पण शासनाच्या निर्णयाची वाट न पाहता करता येण्यासारखे बरेच आहे.

तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक संध्याकाळ एका कुटुंबाच्या हिशेबासाठी ठेवावी. ज्याला नवा धंदा काढावयाचा आहे त्याने आपली कल्पना मांडावी, आणि जमलेल्यांनी त्याला पाच प्रश्न विचारावेत. माल विकला जाईपर्यंत घर कशावर चालणार? धंदा बुडाला तर राहते घर आणि माग शाबूत राहतील ना? घरातल्या प्रत्येकाचे तास हिशेबात धरले आहेत ना? गावात जे कसब आहे ते यात वाढणार की मरणार? आणि हिशेबाची वही कोणाकोणाला पाहता येणार? ज्या कल्पनेला या प्रश्नांची उत्तरे देता येतात, ती आधी लहान प्रमाणात, ठरावीक मुदतीसाठी आणि बुडाले तरी सोसेल एवढ्याच पैशात करून पाहावी. मुदत संपली की चालू ठेवावयाचे की थांबवावयाचे, याचा निर्णय त्याच मंडळीसमोर घ्यावा. थांबवण्यात अपमान नाही. थांबवण्याचा दिवस आधी न ठरवल्यामुळे माणसे कर्जात रुततात.

ज्या कल्पनेला उत्तरे देता येत नाहीत तिला 'नाही' म्हणण्याची सवयही कार्यकर्त्यांनी लावून घ्यावी. हे कठीण काम आहे. उत्साहाने आलेल्या तरुणाला नाही म्हणणे जिवावर येते, आणि शिफारसपत्र देऊन बँकेत पाठवणे सोपे असते. परंतु शिफारस करणाऱ्याच्या दारात वसुलीचा माणूस येत नाही, तो त्या तरुणाच्या दारात येतो. आणि 'नाही' म्हटल्यावर कार्यकर्त्याचे काम संपत नाही. मोंद्रागोनच्या बँकेने केले तसे, ती कल्पना बाजूला ठेवून दुसरी शोधण्यासाठी त्या तरुणासोबत पुन्हा बसावे लागते.

येवल्यात माग अजून चालू आहेत, त्यांवर बसणारे हात अजून आहेत, आणि त्या हातांनी विणलेल्या वस्तूला देशभर मागणी आहे. उणीव आहे ती दोन महिने थांबता येण्याची. ती दहा घरांनी एकत्र येऊन भरून काढावी, आणि त्या दहा घरांना एकत्र बसवण्याचे काम या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी येत्या लग्नसराईच्या आत हाती घ्यावे.